ट्रॅक ऐकत नाही

मराठी भाषा गौरव दिनाच्या तयारीसाठी आपल्या वाङ्मय मंडळाची बैठक झाली. त्यात एक ठराव पाच मिनिटांत पास झाला: यंदा सगळी गाणी ट्रॅकवर. कारणं सांगितली तीही खोटी नव्हती. तबला वाजवणारा दादा पास होऊन हैदराबादला गेला. हार्मोनियमवाली ताई बी.एड.ला लागली. आणि मागच्या वर्षी जे झालं ते परत नको.

मागच्या वर्षीचं मीच सांगतो, कारण चूक माझी होती. गवळण चालू होती, मी खंजिरीवर होतो. जरा रंगात आलो, दुगणीत घुसलो आणि परत येताना सम हुकली. गाणारी बावरली आणि थांबली. ती थांबली म्हणून हार्मोनियम थांबली. दोघी थांबल्या म्हणून मी थांबलो. चार सेकंद असतील फार तर, पण स्टेजवरचे चार सेकंद काय असतात ते उभं राहणाऱ्यालाच ठाऊक. पहिल्या रांगेतून हसू आलं, मग टाळ्या, त्या कशाच्या ते सगळ्यांना कळलं.

तरी परवा ठरावाच्या विरोधात एक हात वर होता, तो माझाच. मॅडम म्हणाल्या, “बैठकीत वाद नको, अंकात लिही.” म्हणून हे लिहितोय. माझ्या बाजूने साक्षीदार म्हणून एका बँडला बोलावतो, दिल्लीच्या. नाव इंडियन ओशन. आपल्यापैकी काहींनी त्यांचं ‘कंदीसा’ ऐकलं असेल, काहींनी ‘मसान’ सिनेमातलं रेल्वेपुलावरचं गाणं ऐकलं असेल आणि ते कुणाचं हे माहीत नसेल. ते गाणं गायलंय आपल्या स्वानंद किरकिरेंनी, पण संगीत याच बँडचं.

वाङ्मय मंडळाच्या अंकात रॉक बँड कशाला, असं कुणी म्हणेल. जरा धीर धरा.

सुस्मित सेन गिटार वाजवायचे आणि असीम चक्रवर्ती तबला. १९८४ मध्ये दोघं भेटले आणि वाजवायला बसले. बँडचं नाव, अल्बम, कंपनी असलं काही नव्हतं. नाव पडलं १९९० मध्ये. पुढच्या वर्षी राहुल राम बास गिटार घेऊन आले. पहिला अल्बम १९९३ मध्ये एचएमव्हीने काढला, म्हणजे पहिल्या बैठकीपासून नऊ वर्षांनी. १९९४ मध्ये ड्रम्सवर अमित किलम आले, आणि या चौघांची जी जोडणी बसली ती पुढे पंधरा वर्षं टिकली.

या नऊ वर्षांत ते काय करत होते, हा माझ्या लेखातला कळीचा मुद्दा आहे. ते एकमेकांना ऐकत होते. त्यांचं गाणं कागदावर लिहून, चाल बांधून, मग वाद्यं ‘भरून’ होत नाही. कुणीतरी गिटारवर एक छोटा तुकडा धरतो. तो तुकडा फिरत राहतो. तबला त्यात शिरतो, कधी मध्येच एक मात्रा सोडून देतो. बास खालून आधार देतो. तासन्‌तास वाजवून त्यातलं जे टिकतं ते ठेवायचं, बाकी सोडून द्यायचं. शब्द फार उशिरा येतात आणि येतात तेव्हाही थोडेच. पहिल्या अल्बममध्ये तर गाण्यापेक्षा वाजवणंच जास्त. इंग्रजी बँडची नक्कल करून पार्टीत नाव कमावायचं, तशी हिट गाणी हुबेहूब वाजवायची, असा तो काळ होता. हे लोक गिटारवर सतारीसारख्या मींडा काढत बसले होते. मांडी घालून तबल्यावर बसलेला माणूसच मुख्य गायक, असला रॉक बँड तोवर कुणी पाहिला होता?

आमच्याकडे मात्र तो रोजचा देखावा होता. बेला भागातल्या आमच्या गावात भजनी मंडळ होतं. बुवा गायचे आणि तेच खंजिरी वाजवायचे. तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं आमच्याकडे पैनगंगेच्या अलीकडेही तेवढीच चालतात जेवढी पलीकडे यवतमाळात. बुवा एक चाल धरायचे. ध्रुपद मागच्यांनी उचललं की बुवा मोकळे. मग ते शब्द ताणणार, मध्येच आलाप घेणार, एखाद्या ओळीवर अडून बसणार, गावात त्या आठवड्यात काय झालं त्याचा एक टोमणा हाणणार. पेटीवाल्या काकांची नजर बुवांच्या तोंडाकडे. बुवांनी भुवई उचलली की पुढच्या आवर्तनात गजर. कुणी ताल सोडला तर बुवा गाता गाताच, “काहून बे, कुठी गेला तू?” असं त्याच तालात म्हणायचे आणि तो माणूस हसत परत जागेवर यायचा. भजन एकदाही थांबल्याचं मला आठवत नाही. चुका रोज व्हायच्या.

मी पहिल्यांदा इंडियन ओशनचा जुना व्हिडिओ पाहिला तेव्हा हेच दिसलं. डोळे एकमेकांकडे. असीम गाता गाता अमितकडे बघतात, तो हसतो आणि ताल पालटतो. मला वाटलं, हे तर आमचंच भजन, फक्त वायरी जास्त.

त्यांचा दुसरा अल्बम ‘डेझर्ट रेन’ तर स्टुडिओत झालाच नाही. १ जानेवारी १९९७ ला दिल्लीत सफदर हाश्मींच्या स्मृतिदिनाचा उघड्यावरचा कार्यक्रम होता. हाश्मी म्हणजे पथनाट्यवाले, १९८९ च्या पहिल्याच दिवशी पथनाट्य चालू असताना ज्यांच्यावर जीवघेणा हल्ला झाला ते. त्या कार्यक्रमात बँडने जे वाजवलं ते रेकॉर्ड झालं आणि तोच अल्बम झाला. दुरुस्तीला वाव नाही, परत वाजवायला वाव नाही. त्यातल्या एका गाण्याचं नाव ‘बोल वीव्हिल’ आहे. आदिलाबादचा माणूस ते वाचून लगेच बोंडअळी म्हणणार, मीही म्हटलं. पण तो अमेरिकेतल्या कापसाचा भुंगा आहे, आपल्याकडे नाही. आपल्या कापसाला आपलीच अळी पुरते.

२००० साली ‘कंदीसा’ आला आणि बँड देशभर पोचला. त्या अल्बममधली दोन गाणी मला इथे महत्त्वाची वाटतात, कारण दोन्ही त्यांची ‘स्वतःची’ नाहीत.

पहिलं ‘माँ रेवा’. राहुल राम हे अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणातल्या विषारी द्रव्यांवर डॉक्टरेट करून आलेले. नोकरी करायची सोडून ते १९९० ते ९५ या काळात नर्मदा बचाव आंदोलनात राहिले. त्या खोऱ्यात नदीला आई म्हणून जे गायलं जातं ते त्यांच्याबरोबर दिल्लीला आलं. नर्मदेचं ते खोरं आपल्याला परकं नाही, धरणात बुडालेली मणिबेलीसारखी गावं महाराष्ट्राच्या नंदुरबारची. पण गंमत अशी की गाण्यात ना घोषणा आहे ना धरणाचं नाव. नदी आहे, तिचं कौतुक आहे आणि बासचा असा झोका आहे की ऐकणारा आपोआप पाण्यात उतरतो. भाषण दिलं असतं तर कॉलेजच्या पोरांनी पाच मिनिटांत उठून चहा प्यायला गेली असती.

दुसरं ‘कंदीसा’ स्वतः. ही केरळच्या सीरियन ख्रिस्ती लोकांची प्रार्थना आहे, सिरियॅक भाषेतली. सिरियॅक ही अरमाईक भाषेची शाखा, आणि अरमाईक ही प्रभू येशूची बोली. आपल्या कॉलेजात हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो: त्यात देवाला तीनदा पवित्र म्हटलंय, एवढाच त्याचा गाभा. शब्द मोजके. म्हणूनच ते या बँडला सापडलं असावं, असं मला वाटतं. थोडे शब्द असले की ताणायला जागा मिळते. हळू सुरू होतं, एक आवाज, मग दुसरा त्याच्या पाठीमागे, आणि शेवटी सगळे मिळून अशा उंचीवर नेतात की भाषा कळत नसल्याचं विसरायला होतं. गाणाऱ्यांत सीरियन ख्रिस्ती कुणी नाही. ऐकणाऱ्या हजारो पोरांना एका शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. तरी त्या प्रार्थनेचा अपमान झाला असं मला कधी वाटलं नाही. आपल्या क्वायरमधल्या मित्राला ऐकवलं तर तो शेवटपर्यंत गप्प बसला आणि म्हणाला, “परत लाव.”

दुसऱ्याच्या भाषेत मन लावून गाणं ही काही दिल्लीची मक्तेदारी नाही. आपल्या जिल्ह्यातले परधान बघा. गोंडांच्या कुळकथा गाणारे हे परंपरेने भाट, हातात किकरी. मार्लवाईत राहून गोंडांवर अभ्यास केलेल्या हायमेनडॉर्फ यांनी लिहून ठेवलंय की या परधानांची घरची भाषा मराठी आणि गाण्याची गोंडी. म्हणजे दुसऱ्या लोकांच्या पूर्वजांची आठवण आपल्या गळ्यात सांभाळणारे मराठी बोलणारे लोक आपल्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आणि आपण बैठकीत अर्धा तास कशावर घालवला? तेलुगू मित्राने मराठी गाण्यावर डफ वाजवला तर कार्यक्रम ‘शुद्ध’ राहील का, यावर.

बँडचं पुढचं थोडक्यात. २००३ मध्ये ‘झीनी’ आला, त्यात कबीर आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरचा ‘ब्लॅक फ्रायडे’ अनुराग कश्यपने केला, त्याचं संगीत यांचं. खटला चालू असल्याने सिनेमा अडकला, २००७ मध्ये लागला, तोवर गाणी आधीच लोकांच्या तोंडी होती. २०१० च्या ‘पीपली लाइव्ह’मध्येही त्यांची गाणी आहेत. शेतकऱ्याच्या आत्महत्येभोवती कॅमेरे कसे गोळा होतात त्यावरचा तो सिनेमा आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिथे येतो.

२००९ च्या शेवटी दोह्याच्या दौऱ्यावर असीम चक्रवर्तींना हृदयविकाराचा झटका आला. २५ डिसेंबरला, नाताळच्या दिवशी, ते गेले. बँडचा आवाज गेला आणि ताल गेला, एकाच माणसाबरोबर. पुढच्या अल्बममधली गाणी त्यांच्या आवाजात तयार होती. करोल बागेतल्या ज्या जुन्या घरात चौघं १९९७ पासून वाजवत बसायचे त्या घराचा पत्ताच अल्बमचं नाव झाला, ‘१६/३३० खजूर रोड’. आणि तो त्यांनी २०१० मध्ये विकला नाही. महिन्याला एक गाणं इंटरनेटवर ठेवलं, ज्याला पाहिजे त्याने फुकट घ्यावं. गेलेल्या मित्राचा आवाज असा वाटून टाकला.

मग प्रश्न आला, आता गाणार कोण?

आमच्या गावात हा प्रश्न तीन वर्षांपूर्वी आला. बुवा गेले. तेराव्याला मंडळी बसली आणि म्हणाली, बुवांसारखा आवाज शोधू. शेजारच्या गावातून एक आणला, तो पातळ वाटला. बुवांच्या पुतण्याला बसवलं, तो बुवांसारखी मान हलवायचा, पण दुसऱ्याच ओळीला अडायचा, कारण बुवा ती ओळ कशी म्हणायचे ते आठवत बसायचा. सहा महिन्यांत टाळ खुंटीला लागले. आता आमच्या देवळात एकादशीला भजन होतं, नाही असं नाही. पेनड्राइव्हवर होतं. आवाज स्वच्छ, ताल पक्का, कुठल्यातरी मोठ्या गायकाचा. माणसं येतात, नमस्कार करतात, पाच मिनिटं टेकतात आणि जातात. पेटीवाले काका ओट्यावर बसून ऐकतात. बोटं मांडीवर हलत असतात त्यांची.

इंडियन ओशनने असीमसारखा माणूस शोधला नाही. त्यांच्या एका जागेवर त्यांनी दोन माणसं बसवली: तबल्यावर तुहीन चक्रवर्ती आणि गायला हिमांशु जोशी. हिमांशु असीमसारखे गात नाहीत. जुनी रेकॉर्ड आणि नंतरचा कार्यक्रम लागोपाठ ऐकलं तर ‘कंदीसा’चा रंग बदललेला सहज कळतो. असीमच्या आवाजात एक खरबरीत जडपणा होता, बसल्या जागेवरून आल्यासारखा. हिमांशुंचा आवाज उभ्या माणसाचा आहे. काही जुने चाहते अजून नाक मुरडतात. मला वाटतं, बँड वाचला तो या फरकामुळेच. नव्या माणसाला नक्कल करायला लावली असती तर तो आमच्या पुतण्यासारखा दुसऱ्या ओळीला अडला असता.

आणि हे त्यांना जमलं कारण त्यांच्या गाण्याची घडण तशी होती. जे गाणं मुळातच दर कार्यक्रमात थोडं बदलत होतं, त्यात नव्या माणसाला शिरायला फट होती. हुबेहूब वाजवणाऱ्या बँडमधला एक गेला की भोक पडतं. ऐकत वाजवणाऱ्या बँडमधला एक गेला की बाकीचे सरकून बसतात.

हे मी जरा जास्तच गोड करून सांगतोय का? असेल. कारण २०१३ मध्ये सुस्मित सेनही बाहेर पडले. ते गेले नाहीत, सोडून गेले, आणि माझ्या मते तो धक्का असीमच्या मृत्यूपेक्षा अवघड होता. मेलेल्या माणसाच्या नावाने बँड चालवता येतो, सोडून गेलेल्याच्या नावाने कसा चालवणार? ज्या दोघांनी १९८४ मध्ये सुरुवात केली त्यांतला एकही आता उरला नव्हता. त्यांच्या जागी निखिल राव आले. खरं सांगायचं तर सुस्मितच्या गिटारची ती एक-एक तार सुटी वाजल्यासारखी जादू मला नंतरच्या कामात सापडत नाही, आणि २०१४ च्या ‘तंदनू’मध्ये तर शंकर महादेवनपासून कर्श काळेपर्यंत इतके पाहुणे आहेत की घरचे लोक कुठे बसलेत ते शोधावं लागतं. पण २०२३ मध्ये ‘तू है’ आला, नवा अल्बम, तीसहून जास्त वर्षांच्या बँडचा. तो असीम-सुस्मितच्या बँडसारखा वाजत नाही. वाजतो मात्र.

अमेरिकेतला ग्रेटफुल डेड हा अशा आयत्या वेळी फुलवत वाजवणाऱ्या बँडांचा आजोबा. १९६५ मध्ये सुरू झाला, दोन हजारांहून जास्त कार्यक्रम केले, कुठलाही दुसऱ्यासारखा नाही. ऐकणाऱ्यांना टेपरेकॉर्डर आणू द्यायचे, १९८४ पासून तर रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी बसायची जागाच वेगळी ठेवली. ऑगस्ट १९९५ मध्ये जेरी गार्सिया वारले, आणि त्याच वर्षाच्या शेवटी बाकीच्यांनी ठरवलं की या नावाने आता वाजवायचं नाही. नाव थांबवलं, वाजवणं थांबवलं नाही. वेगवेगळ्या नावांनी, नव्या पोरांना घेऊन ते लोक नंतरही वाजवत राहिले. नाव ठेवायचं की सोडायचं यावर माझं एक मत नाही. दोन्हीकडे माणसं वाद्यं घेऊन बसली, एवढं मला पुरतं.

आणि एवढ्या लांब तरी कशाला? मार्लवाईच्या कनकराजूंना गुसाडीसाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या तोंडावर ते गेले. दंडारी काही थांबली नाही. त्यांनी आयुष्यभर पोरांना शिकवून ठेवलं होतं, मोरपिसांचा टोप घालणारी डोकी तयार होती.

बैठकीत मला दोन उत्तरं मिळाली होती, त्यांचं बघू.

एक, “ट्रॅकवर चूक होत नाही.” होते. मागच्या महिन्यात फ्रेशर्सच्या कार्यक्रमात एकीने ट्रॅकवर गाताना एक कडवं आधी घेतलं. ट्रॅक आपला पुढे चालला. ती मागे, ट्रॅक पुढे, शेवटपर्यंत दोघांची गाठ पडली नाही. बुवा असते तर गाता गाता “कुठी गेली माय?” म्हणून तिला कडेवर घेतलं असतं. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. त्याला कान नाहीत. माझ्या त्या चार सेकंदांचंही मी पुष्कळदा मनात चाळवून पाहिलंय. मी सम चुकलो ही चूक होतीच, पण ती एका माणसाची चूक होती. तिघं थांबलो ही तिघांची चूक. आम्ही दोन आठवडे तालीम केली ती आपापला भाग पाठ करायची. एकमेकांकडे बघायची तालीम एक दिवसही केली नाही. त्यावर उपाय म्हणून आपण माणसंच काढून टाकली.

दोन, “आपलं वाङ्मय मंडळ आहे, ऑर्केस्ट्रा नाही.” यावर मला हसू आलं, माफ करा. आपण अभ्यासक्रमात जात्यावरच्या ओव्या शिकतो. त्या बाईने आधी लिहून काढल्या होत्या का? दाणे संपेपर्यंत सुचत गेलं, शेजारणीने पुढची ओळ जोडली, सासरचा राग एकीचा आणि त्याचं यमक दुसरीचं. लावणीतले सवाल-जवाब, भारुडातला विनोद, वासुदेवाचं दारात उभं राहून घरातल्याचं नाव गाण्यात गुंफणं, हे सगळं पेपरात पाच मार्कांना येतं तेव्हा ‘मौखिक परंपरा’ असतं. स्टेजवर कुणी करू म्हटलं की रिस्क होते.

मी ट्रॅकच्या मुळावर उठलेलो नाही. घरी सराव करायला तो चांगला आहे, एकट्या माणसाला सोबत आहे. ज्याला पूर्ण साथ मिळत नाही त्याने ट्रॅकवर जरूर गावं. पण ज्या कॉलेजात क्वायरमध्ये चार गिटारवाले आहेत, होस्टेलमध्ये डफ आणि ढोल वाजवणारी गोंड आणि तेलुगू पोरं आहेत, तिथे साथ नाही म्हणणं म्हणजे विहिरीवर बसून टँकरची वाट पाहणं झालं.

तेव्हा मंडळापुढे माझा प्रस्ताव असा. ठराव रद्द करू नका, एकच गाणं बाहेर काढा. बाकी सगळं ट्रॅकवर होऊ द्या, एक गाणं वाजवून होऊ द्या. दर शनिवारी चारनंतर मराठी विभागाची खोली मोकळी असते, मी शिपाईदादांना विचारून ठेवलंय, सहापर्यंत चावी मिळेल. क्वायरमधला तो मित्र गिटार घेऊन येतो म्हणालाय, त्याला मराठी वाचता येत नाही, म्हणून त्याला शब्द तेलुगू लिपीत लिहून देऊ. डफवाल्याशी बोलणं झालंय. मागच्या वर्षी जी गात होती तिला मी अजून विचारलेलं नाही. हा अंक निघाल्यावर तीच वाचेल आणि काय ते सांगेल. पहिले दोन शनिवार गाणं म्हणायचंच नाही, फक्त एक ठेका धरायचा आणि एकेकाने मुद्दाम चुकायचं. बाकीच्यांनी त्याला परत आणायचं.

खंजिरी मी गावाहून आणतो. बुवांचीच आहे, पेटीवाल्या काकांकडे पडून होती. कातडं सैल झालंय, वाजवायच्या आधी थोडी शेकावी लागेल.